गॅरेजमधला स्ट्यू

दिलीपला शेवटी एकच गोष्ट खावीशी वाटत होती, आणि ती मी त्याला वेळेत दिली नाही.

आज त्याला जाऊन वर्ष झालं. माझ्या नवऱ्याच्या आठवणीत तुम्ही सगळे इथे चांगलंच लिहाल, लिहा. मला मात्र हे सांगायचंय.

रिटायर झाल्यावर आम्ही आयर्लंडला गेलो होतो. बसची टूर. एका गावात जेवायला थांबलो. बाहेर भुरभुर पाऊस, आत लाकडी टेबलं, आणि समोर बीफ स्ट्यूचा वाफाळता वाडगा.

म्हणजे त्याच्यासमोर. मी ब्रेड-बटर मागवून, तोंड फिरवून बसले होते.

"दिलीप, गाय आहे ती."

"असू दे. आपल्या ओळखीतली नाही."

वाडगा पुसून खाल्ला त्याने. माझा ब्रेडसुद्धा घेतला पुसायला. चाळीस वर्षं कॅनडात राहून ज्या माणसाने वरणभाताशिवाय कशालाही "वा" म्हटलं नव्हतं, तो "वा" म्हणाला. मला रागच आला.

एटोबिकोला घरी आल्यावर त्याचं टुमणं सुरू झालं. "एकदा करून बघू ना." मी म्हणायचे, माझ्या किचनमध्ये नाही.

मी काही फार सोवळी नाही. एकादशीला चिकन खाल्लंय मी. पण हे नको म्हणजे नको. का, ते मलाही नीट सांगता आलं नसतं.

मग अन्ननलिकेचा कॅन्सर निघाला.

रेडिएशन सुरू झालं आणि त्याची अन्नावरची वासनाच उडाली. मऊ भात नको, सूप नको, खीर नको. एक दिवस आपणहून म्हणाला, "सुधा, तो स्ट्यू जाईल बघ मला."

मी बोकडाचं मटण आणलं.

आणि सवयीने हात गेला हळदीच्या डब्यात. आलं-लसूणही लावलं. गाजर, बटाटे, मटण सगळं एकदम कुकरमध्ये आणि पाच शिट्ट्या. बटाट्याचं पिठलं झालं, पिवळंधमक.

त्याने दोन चमचे खाल्ले. "छान झालाय गं रस्सा."

दुसऱ्या वेळी हळद टाळली, काळी बियर घातली. "जवळ आलीस," म्हणाला. तिसऱ्या वेळी एकच घास घेतला. चमचा हळूच खाली ठेवला.

बर्नाबीहून आमची मीरा व्हिडिओ कॉलवर चिडली. "आई, जस्ट मेक इट विथ बीफ! हाउ मच टाइम डू यू थिंक ही हॅज?"

"माहितीये मला!" मी ओरडले.

"अगं, तिच्यावर कशाला ओरडतेस," दिलीप पलंगावरून म्हणाला. "मटणाचाही चांगला लागतो."

त्याने हट्ट धरला नाही, याचाच मला आता जाच होतो. एकदा जरी भांडला असता तरी मी आदळआपट करून शेवटी केला असता. पण मी भांडायचं आणि त्याने सोडून द्यायचं, असाच आमचा सगळा संसार झाला. याही वेळी त्याने सोडून दिलं.

आणि मी त्याला सोडून देऊ दिलं.

असे दोन महिने गेले. त्याच्याकडे होतेच तेवढे.

एका सकाळी त्याला पाण्याच्या घोटानेही ठसका लागला आणि मी बूट घालून तडक निघाले. बुचरच्या काउंटरवर उभी राहिले आणि बीफकडे नुसतं बोट दाखवलं. "स्ट्यूसाठी," एवढंच म्हणाले. त्याने तुकडे करून दिले. "लो अँड स्लो, मॅम. डोंट रश इट."

वासाचं सगळं आम्ही गॅरेजमध्ये करतो, मासेसुद्धा तिथेच तळतो. जुना कॅम्पिंगचा स्टोव्ह आहे तिथे. दार अर्धं उघडं, बाहेर बर्फ, अंगात पार्का, डोक्याला टोपी, आणि मी गाईचं मांस परतत होते.

कुकर नाही, हळद नाही. तीन तास ढवळत बसले.

वाडगा घेऊन आत आले तेव्हा घरी येणारी पॅलिएटिव्ह केअरची नर्स त्याला तपासत होती. तिने वाडग्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आय ॲम सो सॉरी. ही कान्ट स्वॉलो सेफली एनीमोर. नथिंग बाय माउथ."

मी तिच्याशी भांडले. एक चमचा. अर्धा. बरं, नुसतं पातळ. ती बिचारी माझा हात धरून उभी राहिली. शेवटी म्हणाली, ओठ ओले करायचा स्पंज आहे ना, तो त्यात बुडवून ओठांना लावा. नुसता लावा.

लावला. त्याने ओठांवरून जीभ फिरवली. पुन्हा फिरवली.

"चव कळत नाही गं," तो म्हणाला. "तू खा. खाऊन मला सांग."

समोरच देव्हारा होता. मी खाल्लं.

"तसाच झालाय?"

"अगदी तसाच."

"खोटारडी. तिथे तू चमचा तरी लावला होतास का?"

आणि हसला. हसता हसता खोकला आला. मग विचारायला लागला.

"बटाटा विरघळलाय?"

"नाही. अख्खा आहे."

"मांस?"

"मऊ."

"मग संपव."

मी अख्खा वाडगा संपवला. रडत, नाक पुसत. तो माझ्या चमच्याकडे बघत होता आणि माझ्या प्रत्येक घासाला त्याचंही तोंड थोडं उघडत होतं.

पाचव्या दिवशी गेला.

स्ट्यू चांगला झाला होता, दिलीप. पण तसा झाला होता का, ते मला आता कधीच कळणार नाही. ते सांगू शकणारा तू एकटाच होतास.

मला माफ कर.

तुला माझा मनापासून नमस्कार.