मोसंबीच्या मापाची गाडी

माझ्या वयाच्या माणसाला गुडघ्याला कोणतं तेल लावावं असा प्रश्न पडायला हवा. मला तांबडी घ्यावी की पिवळी, असा पडला होता.

तांबडी आणि पिवळी म्हणजे गाड्या. साध्यासुध्या नाहीत. दोन दारांच्या, दोनच माणसांच्या, जमिनीला पोट घासत पळणाऱ्या आणि चालू केल्या की पलीकडच्या गल्लीतली कुत्री उठून बसतील अशा आवाजाच्या. स्पोर्ट्स कार. नवीन जालन्यात माझं बी-बियाण्यांचं दुकान आहे. माझ्याकडे येणारं गिऱ्हाईक कपाशीची पिशवी हातात तोलत विचारतं, "उगवंल ना बराबर?" असल्या दुकानाच्या मालकानं स्पोर्ट्स कारची स्वप्नं पाहणं म्हणजे रेड्यानं सुईच्या भोकातून पलीकडचा उसाचा मळा बघण्यासारखं आहे. दिसतो, पण जाणार कसं?

संभाजीनगरला माझ्या ओळखीचे एक जुन्या गाड्यांचे व्यापारी आहेत. गोड माणूस. माझं हे वेड त्यांना ठाऊक होतं. एका दुपारी त्यांचा फोन आला.

"सेठ, दो आए हैं. एक लाल, एक पीली. जैसे बोलते थे ना तुम, बिलकुल वैसे."

मी गल्ल्यावरून उठून उभा राहिलो. समोरच्या गिऱ्हाइकाला वाटलं, मोठं कुणीतरी आलं.

"इतवार की शाम तक रोकता. मैं फोन करता. तुम एक नाम बोलो, दुसरी जाती."

घरी बायकोला सांगितलं. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मुद्द्याचं विचारलं, "दोनच माणसं बसतात म्हणता. एक तुम्ही. दुसरं कोण?"

"भाऊ."

 ती पोळी उलटत म्हणाली, "मंग घ्या."

भाऊ म्हणजे माझा थोरला भाऊ. टेंभुर्णीच्या पुढे, फाट्यावरून आत आमचं गाव आहे. तो तिथेच राहिला आणि मी जालन्याला आलो. भांडण नाही, अबोला नाही. फक्त भेट नाही. लग्नात भेटतो, तेव्हा तो वाढायला असतो. मौतीला भेटतो, तेव्हा बोलता येत नाही. मोसंबी निघाली की तो पोतं पाठवतो, पेरणीच्या आधी मी बियाणं पाठवतो. आमचं नातं असं मालवाहतुकीवर चाललं होतं. मला त्याला एकदा शेजारच्या सीटवर बसवायचं होतं, बस. कुठे जायचं ते ठरलेलं नव्हतं. आम्ही लहान असताना तरी कुठे ठरलेलं असायचं?

लहानपणी टेंभुर्णीच्या बाजारातून आईनं गूळ आणला होता. तो ज्या कागदात बांधला होता, तो कुठल्या तरी इंग्रजी मासिकाचा गुळगुळीत कागद होता. गूळ डब्यात गेला आणि कागद आमच्या हातात आला. त्यावर दोन गाड्या होत्या. वर टप असलेली तांबडी, खाली बिनटपाची पिवळी. भाऊ म्हणाला, "तांबडी माझी." मी म्हणालो, "पिवळी माझी."

"येड्या, तिला टप न्हाई. पाऊस आला मंग?"

"पाऊस येतो कुठं आपल्याकडं?"

भाऊनं वर आभाळाकडे बघितलं. मराठवाड्यात सगळे तेच करतात.

आम्ही कागद मधोमध फाडला आणि ज्वारीच्या पिठाची खळ करून गोठ्याच्या दाराला आतून चिकटवला. भाऊनं तांबडी उंचावर लावली. मी माझ्या उंचीप्रमाणे पिवळी खाली लावली, म्हणजे बरोबर वासराच्या तोंडासमोर. पिवळीच्या नाकाडाला गूळ लागलेला होता. सकाळी दाराला फक्त एक चाक शिल्लक होतं आणि वासरू जिभल्या चाटत होतं. मी इतका रडलो, की भाऊनं बोटानं तांबडीवर मधोमध रेघ मारून दाखवली. "म्होरली तुझी, मागली माझी. चल बस." मग आम्ही पेंडीच्या पोत्यांवर शेजारी शेजारी बसलो. त्यानं ताटलीचं स्टेअरिंग केलं, तोंडानं इंजिनाचा आवाज काढला आणि मला अख्खा मुलूख फिरवून आणला. रोज फिरवायचा. मी कायम शेजारच्या सीटवर.

तर आता मी संभाजीनगरला गेलो, तो मनाशी ठरवून. पिवळी माझी असली तरी तांबडी घ्यायची. भाऊची घ्यायची. व्यापाऱ्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये दोघी शेजारी शेजारी उभ्या होत्या. तांबडी अशी टपाखाली मान घालून बसलेली. पिवळी उघडी, निर्लज्ज, ऊन खात पडलेली. मी दोघींवरून हात फिरवला. पिवळीवरून जरा जास्त वेळ.

तांबडीत बसायला गेलो. आधी पाय घातला, मग डोकं घातलं, मग लक्षात आलं की मधलं सगळं बाहेरच राहिलंय. शेवटी पाठमोरा होऊन, विहिरीत बादली सोडतात तसं स्वतःला आत सोडलं. व्यापारी म्हणाले, "सेठ, इसमें बैठते नै, इसको पहनते." बाहेर येताना तर मी चार पायांवर आलो. आयुष्यात गाडीतून उतरून गुडघ्याची धूळ झटकणारा मीच पहिला असेन.

आता खरी काळजी. या गाड्यांचं पोट जमिनीला लागून असतं, आणि आमच्याकडच्या रस्त्यावर ज्याच्या दारात जागा असेल त्यानं आपापला गतिरोधक घातलेला असतो. एकाचा एकाला मेळ नाही. गाडी गावापर्यंत जाणारच नसेल, तर भाऊला बसवायचं कुठे? माप घ्यायला माझ्याजवळ काही नव्हतं. पिशवीत भाऊनं पाठवलेल्या मोसंब्या होत्या, त्यातली थोराड एक काढली आणि पिवळीच्या पोटाखालून ढकलली. ती घरंगळत पलीकडे गेली. तांबडीच्या खाली ढकलली, ती मधेच अडकली. झाडूच्या दांड्यानं काढावी लागली.

व्यापारी बघत होते. म्हणाले, "बहुत गाडियां बेचे सेठ. मोसंबी से नापनेवाले तुम पहले."

रविवारी सकाळी तीच मोसंबी खिशात घालून मी मोटारसायकलवर गावाकडे निघालो. हिशोब सरळ होता. उंचवटा मोसंबीपेक्षा बोटभर खुजा असला, तर तांबडी जाईल. प्रत्येक उंचवट्यापाशी थांबायचं, त्याच्या बुडाशी मोसंबी ठेवायची, रस्त्यावर पालथं पडायचं आणि एक डोळा मिटून बघायचं. सुरुवातीचे दोन-तीन बरे निघाले. मी मनात तांबडीचा गिअर टाकायला लागलो.

फाट्याच्या अलीकडच्या गावात मी असाच पालथा पडलो होतो, तेव्हा समोरच्या दारातून एक म्हातारी बाहेर आली.

"ए बाबा! कुणाच्या दारात काय ठेवून राह्यलास?"

"काही न्हाई मावशी. माप घेऊन राह्यलो."

"कशाचं?"

"गाडीचं."

"गाडी तर ती काय, पिंपळाखाली लावली."

"ती न्हाई. जी अजून घेतली न्हाई, तिचं."

म्हातारीनं कपाळाला हात लावला आणि शेजारणीला हाक मारली. "आगं ये लवकर! न घेतलेल्या गाडीचं माप घेऊन राह्यला, तेबी मोसंबीनं!"

शेजारीण आली, तिचा सासरा आला, पारावरचे आले. सासऱ्यानं वाकून मोसंबी न्याहाळली आणि गंभीरपणे निकाल दिला. "लिंबू केवढं हाये बघा. मोठाच उतारा असंल कुणाचा."

झालं. आमच्याकडे रस्त्यात लिंबू दिसलं तर माणूस त्याला वळसा घालून जातो. माझं तर लिंबाच्या चुलत्याएवढं होतं. मी सांगून बघितलं, शपथ घेतली, मोसंबी सोलून खाऊन दाखवतो म्हणालो; पण मग माप कशानं घेणार, म्हणून खाल्लीही नाही, त्यानं संशय आणखी वाढला. शेवटी मावशींनी तोड काढली. "तूच तुझ्यावरून उतरव, आन् घेऊन जा तुझी इडापिडा." मी भर चौकात मोसंबी स्वतःवरून ओवाळली, खिशात घातली आणि निघालो. मागून कुणीतरी ओरडलं, "पाठीमागं बघू नको!" मी नाही बघितलं. कशाला धोका घ्या.

गावात शिरलो, तोवर दुपार कलली होती. शेवटचा उंचवटा भाऊच्याच दारात होता, आणि तो उंचवटा नव्हता, बांध होता. मोसंबी त्याच्यापुढे बोरासारखी दिसली. तांबडी सोडा, पिवळीही त्याच्यावर कासवासारखी लटकली असती.

भाऊ ओट्यावर बसून माझं पालथं पडणं बघत होता. "काय हरवलं रे बारक्या?"

"भाऊ, हा एवढा मोठा कोणी घातला?"

"मीच घातला. मुरूम टाकला, वरून शिमीट. कामून?"

"कशासाठी पण?"

"सगळे भुर्रकन जातात रे. इथं हळू झालं की माणूस दिसतं. कोण आलं, कोण गेलं, कळतं तरी." आणि मग हसून म्हणाला, "मागच्या खेपेला तू आल्ता नं लग्नाला, असाच दारावरून भुर्रकन गेल्ता."

मी मोसंबी हातात फिरवत राहिलो. मग ओट्यावर बसून सगळं सांगितलं. शेड, दोघी, व्यापारी, संध्याकाळचा फोन. सांगता सांगता मोसंबी कधी त्याच्या हातात गेली आणि कधी सोलली गेली, कळलंच नाही. फोड तोंडात गेल्यावर मी ओरडलो, "भाऊ, ते माप होतं! आन् माझी इडापिडा उतरलीय त्यात!"

"तुझी इडापिडा मी लहानपणापासून खाऊन राह्यलो," तो म्हणाला आणि एक फोड मला दिली.

"सांग मंग. तांबडी घेऊ ना? तुझी?"

"पिवळी घे."

"तू तर तांबडी म्हणायचास."

"तू पिवळी म्हणायचास म्हणून. दोघं पिवळीच म्हणलो असतो, तर कागद फाडला असता का? वासरानं एकदमच खाल्ला असता."

मला हसू यायला हवं होतं. इतकी वर्षं मी त्याच्यासाठी तांबडीकडे बघत होतो, आणि हा माणूस तेव्हापासून पिवळीकडे बघत होता. वासरानं त्याचीही गाडी खाल्ली होती आणि तो रडलासुद्धा नव्हता.

"बसता येईल का पण मला?" त्यानं विचारलं. "गुडघे ऐकत न्हाईत आता."

मी हातानं सीटची उंची दाखवली. त्याला पटेना. त्यानं वहिनीला हाक मारून गोणपाटं मागवली, ओट्याच्या भिंतीला लागून अंगणात अंथरली आणि धोतर सावरत हळूहळू स्वतःला खाली सोडलं. पाय लांब केले. "अशी?"

"अशीच."

"चांगली हाये." जरा वेळानं उठायला गेला. उठता येईना. एका हातानं भिंत धरली, दुसऱ्यानं माझं मनगट धरलं. मी जोर लावला, माझी चप्पल सरकली आणि मीही त्याच्याशेजारी धप्पकन बसलो.

वहिनी दारात तोंडाला पदर लावून हसत होती. "भाऊजी, थांबा. ट्रॅक्टर बोलावते दोघांना ओढायला."

"च्या आण आधी," भाऊ म्हणाला.

चहा आला. ऊन भिंतीवर चढत गेलं. आम्ही गोणपाटांवर तसेच, पाय पसरून, समोर त्याचा बांध आणि बांधापलीकडे रस्ता. मला कळलं होतं, आणि त्यालाही. भाऊ त्या गाडीत बसला असता. पण उतरला नसता. आणि ती गाडी या दारापर्यंत आली नसती. मी रस्त्याकडे बघत होतो. तिथे पिवळी उभी होती. मला स्पष्ट दिसत होती, तापलेली, रिकामी, उजव्या बाजूची सीट माझी, डाव्या बाजूची त्याची.

भाऊनं चहाची बशी उलटी करून माझ्या हातात दिली. "तू चालव आज. मी आता शेजारी बसतो."

मी बशी धरली. लाज वाटली. मग ओठ मिटून थोडा आवाज काढला.

"जोरात काढ की. एवढी मोठी गाडी हाये."

मी जोरात काढला. वहिनीच्या कोंबड्या पांगल्या. भाऊनं डोळे मिटले आणि वारा लागावा तसा चेहरा वर केला. टप नव्हताच.

तेवढ्यात माझ्या खिशातला फोन वाजायला लागला. संध्याकाळ झाली होती. एकच नाव सांगायचं होतं. माझा एक हात बशीवरून सुटला आणि खिशाकडे गेला.

"उचलू नको," भाऊ डोळे न उघडता म्हणाला. "गाडी चालवताना फोन उचलू न्हाई."