माझ्या नावावरचे तीन गोल

माझ्या बायकोला हे ठाऊक नाही. वडील गेले तेही न कळताच गेले — उलट, खोटं होतं तेवढंच खरं मानून गेले. मित्र म्हणावेत असे दोघेतिघे आहेत, त्यांच्यापुढे एकदोनदा विषय काढलाही होता, पण ऐन वेळी भलतंच काहीतरी बोलून मोकळा झालो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. हे कारण तरी धड आहे का? असो.

मी ओमानमध्ये, सोहारच्या औद्योगिक वसाहतीत, पाइपच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. मूळचा पुण्याचा. कॉलेजात चार वर्षं फुटबॉलच्या संघात होतो — होतो म्हणजे यादीत नाव होतं. चार वर्षांत मैदानावर किती मिनिटं काढली ते विचारू नका. वडील म्हणायचे, विनू खेळायला नाही, बसायला जातो. तेव्हा हसायचो. आत कुठेतरी लागत होतं, हे आता सांगायला काय हरकत आहे?

सुशांत मगदूम माझ्या स्टोअरमध्ये फोर्कलिफ्ट चालवायला आला, तेव्हा तेवीस वर्षांचा होता. कोल्हापूरचा. आमच्या कंपनीच्या व्हिसावर नव्हता, माणसं पुरवणाऱ्या एका कंत्राटदाराकडून आला होता. पहिल्याच आठवड्यात एकाने वरच्या रॅकवरून पॅकिंग टेपचं रीळ खाली टाकलं. ते जमिनीला लागायच्या आत सुशांतने पायावर झेललं. लोखंडी टोकाच्या सेफ्टी शूजवर! रीळ तिथेच थांबलं, जराही उसळलं नाही. मी चार वर्षं बाकावर बसून दुसरं काही नाही, पण चेंडू पायाशी थांबणं म्हणजे काय ते पाहिलं होतं. हा कोण आहे ते मला त्या क्षणी कळलं. म्हणजे बघा — मला कळलं नव्हतं, असं मी कधीच म्हणू शकत नाही.

तो कॉलेजच्या संघातून विद्यापीठाच्या संघात गेला होता. कोल्हापुरात पेठांच्या ज्या सामन्यांचं लोकांना वेड असतं त्यांतही खेळला होता. मग राज्याच्या निवड चाचणीला पुण्यात आला. दोनेकशे पोरं. त्याला दहा मिनिटं मिळाली, तीही आक्रमणाऐवजी बचावफळीत, आणि तेवढ्यात निवड समिती जेवायला गेली. पुढच्या वर्षी पुन्हा गेला, तेव्हा यादी आधीच ठरलेली होती. हे तो तक्रारीच्या सुरात सांगायचा नाही. एवढंच म्हणायचा, "दादा, मला कुणी बघितलंच न्हाई ओ. एकदा कुणी जाणत्यानं पुरी मॅच बघू दे. मग न्हाई म्हटला तरी चालंल. आपलं आपल्याला कळंल की."

मागणं एवढंच होतं.

त्या सुमारास भारतात फुटबॉलची नवी लीग सुरू झाली होती आणि मस्कतच्या भारतीयांत, विशेषतः केरळच्या लोकांत, तिची झिंग चढली होती. कंपन्यांच्या संघांची एक स्पर्धा मस्कतला व्हायची, दर शुक्रवारी. आमचे मॅनेजर नायरसाहेब तिच्यासाठी जीव टाकायचे. नियम असा की, प्रत्येक कंपनीने आपल्याच व्हिसावरची माणसं खेळवायची. गेटवर बताका, म्हणजे इथलं रेसिडेंट कार्ड, दाखवायचं. सुशांतचा बताका कंत्राटदाराच्या नावाचा. नायरसाहेबांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं, माझ्या दाढीकडे पाहिलं, त्याच्या दाढीकडे पाहिलं, आणि म्हणाले, "विनायक, कार्ड तुम्हारा, पैर उसका. खलास."

असं सगळेच करायचे. समोरच्या संघातही दोनतीन जण दुसऱ्याच्या कार्डावर असायचे, त्यामुळे कुणी कुणाची तक्रार करत नसे. यात मी काही मोठं पाप केलं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. ते पाप हे नव्हे. थांबा, येतो तिथे.

सुशांत दहा नंबरची जर्सी घालून विनायक सोमण म्हणून खेळू लागला. मी टोपी डोळ्यांवर ओढून प्रेक्षकांत बसायचो. पहिल्या शुक्रवारी त्याने गोल केला आणि भोंग्यावरून माझं नाव आलं. मल्याळी उच्चारात, लांबवून — विनाऽयक सोमाऽन! शेजारचे अनोळखी लोक उठून उभे राहिले. कुणीतरी माझ्या पाठीवर थाप मारून म्हणालं, काय खेळतो रे हा सोमण! मला काय वाटलं सांगू? लाज वाटायला हवी होती. अंगावर काटा आला. चार वर्षं ज्याची वाट पाहिली ते नाव मी ऐकत होतो, आणि मला त्यासाठी बाकावरून उठावंही लागलं नव्हतं.

मग मला शुक्रवारचं व्यसन लागलं. सोहारहून मस्कतपर्यंत कंपनीच्या बसमध्ये मी सुशांतच्या शेजारी बसायचो, त्याला केळी सोलून द्यायचो. तो म्हणायचा, दादा किती माया करता! माया कसली?

अंतिम सामन्याला गोव्याच्या एका व्यावसायिक क्लबचे प्रशिक्षक पाहुणे म्हणून आले. मस्कतमध्येच, दार्सैतला, कुणा नातेवाइकाकडे उतरले होते. भोंग्यावर त्यांचं नाव जाहीर झालं तेव्हा मैदानावर सुशांत बुटाची नाडी बांधत होता. त्याने मान वर करून मंचाकडे पाहिलं, आणि पुन्हा खाली घालून तीच नाडी सोडून परत बांधली.

त्या दिवशी तो कसा खेळला हे मला नीट सांगता येणार नाही. तीन गोल तर आहेतच. पण दुसऱ्या गोलाच्या आधी पाठीवर धिप्पाड बचावपटू असताना त्याने चेंडू डाव्या पायावर घेतला आणि त्याच स्पर्शात वळला — तो बचावपटू नंतर स्वतःच हसला. प्रशिक्षक पहिल्या मिनिटापासून शेवटच्या शिट्टीपर्यंत जागचे हलले नाहीत. मी त्यांच्यावर लक्ष ठेवून होतो. कागदावर ते काहीतरी लिहीत होते. शिट्टी झाल्यावर त्यांना कुठल्याशा लग्नाला जायचं होतं, म्हणून बक्षीस समारंभाला थांबले नाहीत.

समारंभात फोटो निघणार, पेपरवाले येणार. तिथे चेहरा आणि कार्ड जुळायला हवं. नायरसाहेबांनी सुशांतला बसकडे पिटाळलं, "यल्ला, यल्ला!" बसच्या दारात त्याने जर्सी काढून मला दिली. ओली होती. मी ती घातली. अंगाला गार लागली, अजून आठवते. सर्वोत्तम खेळाडूचा कप मी घेतला. कंपनीच्या अर्बाबनी, म्हणजे आमच्या ओमानी मालकांनी, मला मिठी मारली. बसमध्ये परतलो तर सुशांत अंगावर टॉवेल घेऊन बिर्याणीचं पाकीट उघडत होता. म्हणाला, "बघू कप! आयला, केवढा जड हाय!" आणि पोरासारखा त्याच्यावरून हात फिरवत राहिला.

फोटो दुसऱ्या दिवशी सकाळीच पेपरात आला. मी तो लगेच मोबाइलवरून घरी पाठवला. का पाठवला? गंमत म्हणून, असं स्वतःला सांगितलं. वडिलांचा फोन आला. मी खुलासा करणार होतो, खरंच तोंडात शब्द होते, पण ते एवढंच म्हणाले, "विनू, माझंच चुकलं रे." वडील असं कधी बोलले नव्हते. मी गप्प बसलो. फोटो छापून घेऊन त्यांनी पुढे सोसायटीच्या फलकावर लावला.

आणि त्याच शनिवारी दुपारी प्रशिक्षकांचा फोन आला. संघाच्या यादीत माझ्या नावापुढे माझाच फोन नंबर होता. मी स्टोअरमध्ये होतो, तीस पावलांवर सुशांत पाइप जोडायच्या फ्लँजेसचा पॅलेट उचलत होता. प्रशिक्षक हिंदीत बोलले. पहिलंच वाक्य — "बेटा, इतने साल कहाँ थे?"

त्यांचं म्हणणं साधं होतं. क्लबला आक्रमणात माणूस हवा होता. पंधरा दिवस गोव्याला यावं, संघाबरोबर सराव करावा. कंपनीशी रजेचं ते बोलतील. आपण सतरा वर्षं पोरं निवडतोय, आपल्या मते हा सराव नुसती औपचारिकता आहे, म्हणाले. त्याआधी दुसऱ्या दिवशी मस्कतमध्ये कुरुमला भेटून चहा घेऊ म्हणाले.

दोन वाक्यांचं काम होतं. सर, तो मी नव्हे. तो इथे आहे, त्याला देतो. स्पर्धेतली ही कार्डांची अदलाबदल त्यांनी काय पहिल्यांदा ऐकली असती? हसले असते. कप परत करावा लागला असता का? कदाचित. नायरसाहेब चिडले असते का? चार दिवस. पुढे अनेक वर्षं मी हीच भीती माझ्यापुढे उभी करत आलो — नोकरी गेली असती, अर्बाबची बेअब्रू झाली असती. खोटं आहे. त्या क्षणी यातलं काहीही माझ्या मनात आलं नव्हतं.

मनात काय आलं ते सांगतो. हा जाईल. माझ्या अंगावरून नाव काढून घेऊन जाईल, आणि मी पुन्हा बाकावर.

मी म्हणालो, "सर, गुडघा गेला आहे. डॉक्टरांनी खेळायचं बंद करायला सांगितलंय. कालची शेवटची मॅच होती." मग ते हळू आवाजात म्हणाले, फार वाईट झालं. त्यांचा आवाज भरून आला होता. कुणासाठी? त्यांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन केला, गोव्यात एक चांगला डॉक्टर आहे, एकदा दाखव म्हणून. मी तोही परतवला. तो नंबर मग पुसून टाकला.

तुम्हाला वाटेल, हीच ती गोष्ट. मलाही वाटत होतं की इथवर सांगितलं की संपेल. नाही.

रविवारी सकाळी सुशांतने फोर्कलिफ्ट बंद केली, खाली उतरला, हातमोजे काढले. नेहमी खुर्चीवरूनच ओरडून बोलणारा माणूस. जवळ येऊन म्हणाला, "दादा, त्ये गोव्याचं सर... काय इचारलं का कुणाला?"

"नाही रे," मी म्हणालो.

इथे थांबायचं होतं. एवढ्यावर थांबलो असतो तर त्याने स्वतःची समजूत घातली असती — मंचावरून नीट दिसलं नसेल, घाईत असतील. पण तो तसाच उभा राहिला, आणि मला भीती वाटली की हा उद्या पुन्हा विचारेल, परवा विचारेल, कुणाकडून तरी नंबर मिळवेल. तो प्रश्न कायमचा मिटवायला हवा होता. म्हणून मी पुढे म्हणालो, "पूर्ण मॅच बघितली त्यांनी. शेवटपर्यंत. काही बोलले नाहीत."

ऐकलंत? खरं वाक्य त्यात एकच होतं आणि मी ते त्याला मारायला वापरलं.

तो म्हणाला, "बरं." हातमोजे चढवले आणि कामाला लागला. त्यानंतर तो सरावाला आला नाही. नायरसाहेबांनी पुढच्या मोसमासाठी विनवण्या केल्या, तर पाय दुखतो म्हणाला. माझ्यासारखंच कारण, नाही का? संध्याकाळी कॅम्पच्या आवारात पोरं खेळायची, चेंडू त्याच्यापाशी आला तर तो वाकून हाताने उचलून परत द्यायचा. हाताने. वर्षभरात अंग सुटलं. मग तेलाचे भाव कोसळले, ऑर्डरी आटल्या, कंत्राटदाराची माणसं आधी कमी झाली. त्याला विमानतळावर सोडायला मीच गेलो. त्याने पाया पडायला वाकून मला ओशाळं केलं, आणि तेव्हाही मी बोललो नाही. वेळ होता. दोन तास वेळ होता.

गेल्या वर्षी त्याचा फोन आला. कोल्हापुरात मालवाहू टेम्पो चालवतो, लग्न झालंय, मुलगी आहे. इकडचं तिकडचं झालं. पेठेतली मंडळी मागे लागलीत, पोरांना शिकव म्हणून. पण त्याने नाही म्हटलं, असं सांगत होता. मी विचारलं, का रे? शिकव की. तर हसला. अगदी मोकळं हसला, कसलाही कडवटपणा नाही.

"न्हाई ओ दादा," म्हणाला. "ज्याला जमलं त्यानं शिकवावं. आदी मला वाटायचं, आपल्याला कुणी बघितलं न्हाई म्हणून ऱ्हायलं. पर मस्कतात त्या सरांनी पुरी मॅच बघितली न्हवं? त्यांना दिसलं आसतं की, आसतं तर. न्हवतंच माझ्यात. उगं घरच्यांचं डोकं खाल्लं एवढी वर्षं. तुम्हीच सांगा, तुम्ही तर हुता तिथं — न्हवतं न्हवं?"

मी स्टोअरच्या दाराशी उभा होतो. बाहेर ऊन होतं, आजूबाजूला कुणी नव्हतं. वडील गेलेले. नायरसाहेब निवृत्त होऊन गावी गेलेले. कार्डाचं कुणाला काही पडलेलं नव्हतं. सांगायला आता कसलीच अडचण उरली नव्हती.

मी म्हणालो, "हो रे. तसंच असेल."