अकरा गुंठ्यांतला गोठा

आधी स्पष्ट सांगतो, मी अंबरनाथच्या एका कंपनीत लेथ चालवतो. मिलिमीटरच्या शंभराव्या भागावरून सुपरवायझरशी भांडणारा माणूस आहे. भूत-बित माझ्या डोक्यात कधीच नव्हतं. पण हे प्रकरण...

मी आणि आई बदलापूरला हेंद्रेपाड्यात राहतो. मांजर्लीच्या मागे, नदीकाठी, आईच्या नावावर अकरा गुंठे भातशेती आहे. गेल्या पावसाळ्यात पुराने सगळं भात आडवं केलं. नुकसानीचं सरकारी अनुदान हवं तर म्हणे अ‍ॅपवरून शेताचा फोटो टाका. अर्धी रजा टाकून गेलो, फोटो काढला, पाठवला. आठवड्याने मेसेज आला — अर्ज नामंजूर, शेतात बांधकाम.

बांधकाम? तिथे साधं बुजगावणं नाही!

तलाठी ऑफिसात गेलो. तलाठी मॅडमनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. शेत आमचंच, कोपऱ्यात माझ्या छत्रीचं टोकसुद्धा. आणि मधोमध पेंढ्याने शाकारलेला गोठा. खुंट्याला बांधलेली तांबडी गाय.

“हा फोटो माझा नाही.”

“मग छत्री कोणाची?”

मी मोबाइल दाखवला. त्यात नुसतं लोळलेलं भात. “परत काढा,” मॅडम म्हणाल्या. परत अर्धी रजा, परत फोटो, परत गोठा! तिसऱ्यांदा हट्टाने मॅडमनाच शेतावर नेलं. त्या बांधावरून पूर्ण फिरल्या, स्वतःच्या फोनवरून फोटो काढला. ऑफिसात येऊन स्क्रीनवर उघडला... गोठा. गाय.

त्यांनी फोटो बंद करून परत उघडला. मग म्हणाल्या, “तिथे काही नाही, मी डोळ्यांनी पाहिलंय हो. पण सिस्टीममध्ये काय लिहू?”

“गोठा नाही असं लिहा!”

“फोटोत दिसतोय ना!”

वैतागून मी त्या स्क्रीनचाच फोटो काढला आणि घरी आईसमोर धरला. ती भाजी निवडत होती. हात थांबला.

“ही आपली तांबू.”

मग तिने पहिल्यांदाच सगळं सांगितलं. मी दीड वर्षाचा असताना मोठा पूर आला होता. बाबा कामावर गेलेले. आई मला कडेवर घेऊन पळाली, गाईचं दावं सोडायचं राहून गेलं. शेतातल्या गोठ्यासकट गाय वाहून गेली. बाबांना मात्र तिने सांगितलं, ‘मी दावं सोडलं होतं.’ बाबा वारले, तोवर त्यांना खरं सांगितलं नाही.

“हंबरत व्हती रे... मी मागं बघितलंच नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ती न सांगता शेतावर निघाली. मी मागोमाग गेलो. चिखलात एका जागी ती वाकली आणि हवेतच गाठ सोडावी तशी बोटं हलवत राहिली. गाठ घट्ट असावी, खूप वेळ लागला. मग “जा बाय,” म्हणाली आणि बांधावर येऊन बसली. तशातही मी फोटो काढून पाठवला. लाज वाटली, पण मुदत संपत होती.

चार दिवसांनी मॅडमचा फोन. “एकदा येऊन जा.”

स्क्रीनवर गोठा तसाच. खुंटा तसाच. दावं खाली पडलेलं. गाय नव्हती.

आणि अर्ज? नामंजूर! बांधकाम अजून आहे म्हणे. आई म्हणते, “ऱ्हाऊ दे रे पैसे.” राहू दे काय? बियाणं-खताचा खर्च कोण देणार?

आता प्रत्यक्ष पाहणीला तालुक्याचे साहेब येणार आहेत. मॅडम विचारत होत्या, “साहेबांना काय सांगू?” मी म्हटलं, “जे दिसेल ते.” आता त्यांना काय दिसेल... ते मला तरी कुठे माहीत आहे?