हवालदारांची थोरली

त्या दिवशी सकाळी लोणावळ्याच्या घरी चहा घेत होतो, तेवढ्यात टाकव्याहून नामदेवभाऊंचा फोन आला. बहिणीच्या शेजारचे, एरवी फोनवर ओरडून बोलणारे नामदेवभाऊ इतके हळू बोलले की मला दोनदा विचारावं लागलं. "शकूताई गेली... झोपेतच. सूनबाई सकाळचा च्या घेऊन गेलती, तवा कळलं." महिना होऊन गेला आता त्याला. शकुंतला माझ्याहून चार वर्षांनी मोठी. तिच्याविषयी लिहायला बसलो की रडू येतंच, पण त्याच्या आधी मान ताठ होते.

वडील फौजेत हवालदार. दर दोन-तीन वर्षांनी बदली... जबलपूर, पठाणकोट, जोधपूर. नवं क्वार्टर, नवी शाळा, नवी माणसं. मी भित्रा, पहिले पंधरा दिवस आईचा पदर सोडायचो नाही. ताई मात्र सामान उतरायच्या आत बाहेर सटकलेली असे. संध्याकाळी गुडघा फोडून परत येई तोवर तिथल्या मुलांच्या टीममध्ये तिची जागा पक्की झालेली असे, आणि दुसऱ्या दिवशी ती मला ओढत नेऊन सांगे, "ये मेरा भाई है. ये भी खेलेगा." आईला तिच्या या मुलग्यासारख्या वागण्याचा घोर होता. ती रोज तेल लावून दोन वेण्या घाली. जोधपूरला एका दुपारी ताईनं एक वेणी कात्रीनं कापून टाकली. आईनं कपाळावर हात मारला. वडील संध्याकाळी आले, त्यांनी तिची उरलेली वेणी हातात धरून पाहिली आणि म्हणाले, "अर्धं काम करायचं न्हाई, शकू. चल." युनिटच्या न्हाव्याकडे नेऊन त्यांनी दुसरी बाजूही बरोबर करून आणली.

त्या केसांवरून शाळेत मुलांनी मला घेरलं. "वो तेरी बहन है या भाई?" मी म्हणालो, "मैं नहीं जानता उसे." ताई मागेच उभी होती. घरी जाताना माझं दप्तर रोजच्यासारखं तिच्याच खांद्यावर होतं... ती शिक्षा मला अजून पुरते आहे.

पुढं वडिलांची बदली सरहद्दीवर झाली. तिथं कुटुंब नेता येत नव्हतं, म्हणून आम्ही टाकवे बुद्रुकला आबांकडे, म्हणजे आजोबांकडे, राहायला आलो. ताई पंधरा वर्षांची होती. त्याच पावसाळ्यात आबा बांधावरून घसरले आणि त्यांचा पाय मोडला. भाताची रोपं लावणीला आलेली, औत फिरवून करायची चिखलणी राहिलेली, आणि गावात जो तो आपापल्या खाचरात अडकलेला. ताईनं सरळ गोठ्यातले बैल सोडले. आई आडवी आली. "अगं, बाईमाणसं औत धरत न्हाईत. लोकं काय म्हणतील?" आबा प्लास्टरमधला पाय सावरत म्हणाले, "धरू दे तिला. रोपं काय बाप्याची वाट बघत थांबत्यात व्हय?"

पहिल्या दिवशी ती तीनदा चिखलात पालथी पडली. बैल ऐकेनात. आबा बांधावर बसून ओरडायचे, "कासरा ढिला सोड, लय वढू नको!" दुसऱ्या दिवशी ती बैलांशी "चल बेटा, चल" असं हिंदीत बोलू लागली. बांधावर जमलेली माणसं पोट धरून हसली. बैल मात्र चालले. कार्ल्याहून कुणाकडे आलेल्या एका पाहुण्यांनी विचारलं, "औतावरचं पोरगं कुणाचं हो?" मी पुढं झालो आणि मोठ्यानं म्हणालो, "पोरगं न्हाई ते. माझी बहीण हाय. हवालदारांची थोरली!" ताईनं वळून पाहिलं. चिखलानं माखलेल्या तोंडात नुसते दात चमकले. चौथ्या दिवशी चिखलणी उरकली, आणि लावणीला आई स्वतः खाचरात उतरली. आईनं हे सगळं वडिलांना पत्रानं कळवलं, आणि त्यांनी ते पत्र अख्ख्या बराकीला वाचून दाखवलं म्हणे.

ताईचं लग्न गावातच झालं. वडिलांनी निवृत्तीनंतर तिला गाडी शिकवली, आणि तिनं एक जुनी जीप घेतली. वरच्या वाडीतल्या मुली सातवी झाली की घरी बसायच्या. कामशेतची शाळा लांब, एसटीची वेळ जुळायची नाही. त्यातल्या एकीची आई ताईकडे लावणीला यायची. ताईनं तिला सांगितलं, "उद्या सातला पोरीला फाट्यावर उभी कर. मी नेते." पहिल्या दिवशी एक मुलगी होती, दिवाळीनंतर नऊ झाल्या. वीस वर्षं, अगदी शेवटच्या दिवसापर्यंत, ती जीप चालवत होती. त्यातली एक आज नर्स आहे, दोघी शिक्षिका आहेत, एक पोलिसात आहे. ताईला न्यायची वेळ आली तेव्हा खांदा द्यायला त्याच चौघी पुढं झाल्या. म्हातारी माणसं बाजूला सरली आणि त्यांना वाट करून दिली.

शाळा काही थांबत नाही. मी रिकामाच, म्हणून नवा ड्रायव्हर मिळेपर्यंत जीप मी चालवतो आहे. ताई ठेंगणी होती. तिनं सीट पार पुढं ओढून घेतलेली. माझे गुडघे स्टिअरिंगला घासतात. मागून एक मुलगी रोज सांगते, "मामा, शीट मागं घ्या की, खाली खिट्टी हाय."

"घेतो," मी म्हणतो, आणि गाडी सुरू करतो.