ताईनं केलेले नूडल्स

सून कढईत सोया सॉस ओतते, तो खारट वास उठतो आणि मी चाळीस वर्षं मागे, नागपूरच्या माहेरी जाते. सासरहून आलेल्या ताईनं त्या दुपारी कोंबडीचे पातळ तुकडे मोठ्या आचेवर परतून त्यात कोबी आणि नूडल्स टाकले होते. वाढताना ती खाली मान घालून म्हणाली, “बाबा, मले परत नका पाठवू.”

“असं कसं? ते वाट पाहून राहिले,” बाबा म्हणाले.

मी तेव्हा अकरा वर्षांची. ताट पुढे करून म्हणाले, “ताई, मले अजून दे न.” तिनं कढई खरवडून मला वाढलं.

दुसऱ्या दिवशी ती गेली. दिवाळीआधी ती वारल्याचा निरोप आला. कशानं, ते सासरच्यांनी धड सांगितलंच नाही. त्या दुपारी ती स्वतः जेवली का, हेसुद्धा मला आठवत नाही.