रागिणीच्या नावाचा कॉम्प्युटर

भातकुलीच्या अलीकडे किसनरावांचा मळा आहे. वांगी, सांबार आणि बांधाकडेने झेंडू. (सांबार म्हणजे आमची कोथिंबीर, पुण्याच्या माणसाने ती इडलीसोबत शोधू नये.) हे किसनराव कुणाला विचारत नाहीत, सांगतात. अमरावतीच्या बाजारात भाव सांगतात, घरात बेत सांगतात. मुलगा मनोज काय शिकणार, लग्न कुठे करणार, हे त्यांनीच सांगितलं. नात झाली तेव्हा बारशाआधीच 'रागिणी' हे नावही सांगून मोकळे झाले. सगळं निमूट ऐकणाऱ्या मनोजने अकोल्याची नोकरी धरली, ती मात्र न विचारता. तेव्हा किसनराव चारचौघांत म्हणाले, "आता या घरात पाय ठेवू नको." मनोजने तेही ऐकलं.

तेव्हापासून बोलणं उरलं ते किसनरावांच्या बायकोचं, पार्बताबाईंचं, आणि सुनेचं. नातीला डोळे भरून पाहिल्यालाही बरेच दिवस झाले होते. यंदा तरी उन्हाळ्यात पोरीला पाठव म्हटलं, तर सून प्रतीक्षा म्हणाली, तिचा कॉम्प्युटरचा क्लास घरूनच चालतो, तुमच्याकडे कॉम्प्युटर कुठाय? किसनरावांनी हे ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी वांगी विकून परतले ते लॅपटॉप घेऊनच.

"पहिल्यांदा चालू केला का थो एकेक विचारते, काका. तुमी सांगत जा," दुकानदार गजेंद्र म्हणाला होता. सांगत जाणं म्हणजे किसनरावांच्या डाव्या हातचा मळ!

यंत्राने भाषा विचारली, यांनी मराठी सांगितली. मग इंटरनेट मागितलं. फोनचं नेट जोडलं तर 'काहीतरी चुकले, पुन्हा प्रयत्न करा' हेच दहादा. शेवटी दोघा नवराबायकोंनी लॅपटॉप विहिरीपाशी नेला, तिथे रेंज येते. भाजीच्या पालथ्या कॅरेटवर ठेवला. मग त्याने नाव विचारलं.

आता आमच्याकडे कोणती वस्तू मालकाच्या नावाने असते? किसनरावांच्या टेम्पोच्या कपाळावर 'रागिणी', फवारणीच्या पंपावर ऑइलपेंटने 'रागिणी'. त्यांनी एका बोटाने तेच नाव टाकलं आणि पाठोपाठ तिचीच जन्मतारीख.

'तुम्ही अजून लहान आहात. पुढे जाण्यासाठी पालकांची परवानगी आवश्यक आहे.'

पार्बताबाईंनी तोंडाला पदर लावला. "घ्या! नातीचे आजे झाले, आन हे म्हणते लहान हाय."

किसनरावांनी बटण जोरात दाबलं. तेच वाक्य. बंद करून चालू केलं. पुन्हा तेच. गजेंद्रला फोन लावला तर तो हसला. "काका, मांगं जा, तुमचं नाव आन तुमची तारीख टाका. झटक्यात होते."

"तिच्यासाठी आणला, तं माह्या नावाचा काहून करू?" म्हणत त्यांनी फोन ठेवला.

"मंग तिच्या बापाले इचारा," पार्बताबाई म्हणाल्या आणि आपला फोन कॅरेटवर ठेवून दिला.

किसनराव त्या फोनकडे पाहत बसले. स्वतःचं नाव टाकलं असतं तर काम तिथेच मिटत होतं. पण खरं सांगायचं तर या माणसाला पोराची आठवण आतून पोखरत होती, फक्त निमित्त मिळत नव्हतं. त्यांनी त्यावरूनच मनोजला फोन लावला.

"हां माय, बोल."

"मी बोलून राहिलो."

"बाबा?" मनोजचा आवाज एकदम बदलला. "माय बरी हाय ना?"

"बरी हाय." त्यांनी लॅपटॉपकडे पाहिलं. "रागिणीच्या नावानं कॉम्प्युटर लावून राहिलो. थे म्हणते, तिच्या बापाची परवानगी पायजे. तं तुले इचारून राहिलो. देतं का?"



"मले इचारून राहिले तुमी?"

"हो."

"उभ्या जन्मात पयल्यांदा, बाबा."

त्यात राग असता तर किसनरावांनी दुप्पट आवाज चढवला असता. राग नव्हताच. पोराला नुसतं नवल वाटत होतं, आणि ते फार लागलं. "आधीच इचाराले पायजे होतं," ते कसेबसे म्हणाले.

मनोजने स्वतःचा ईमेल सांगितला. त्याच्या फोनवर आकडे आले, तो एकेक सांगत गेला आणि किसनराव निमूटपणे टाकत गेले. यंत्राने थोडं घुटमळून लिहिलं, 'स्वागत आहे, रागिणी.'

"झालं का?"

"झालं."

"पाठवतो मंग तिले. येत्या रविवारी प्रतीक्षा येईन सोडाले."

स्वतःचं नाव त्याने घेतलं नाही. ते का, हे किसनरावांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. 'तूही ये' हे ओठांवर आलं होतं. तेवढं सांगणं त्यांनी गिळलं.

"मनोज, तू येशीन का?"

पलीकडे त्याने नाक ओढल्याचा आवाज आला.

"येतो, बाबा."