चाचांचा डावा कान

नवरदेव मारुतीच्या देवळाकडं निघायच्या आधी बशीरचाचा खिशातून कापसाची पुडी काढत. पहिले दोन बोळे घोडीच्या कानांत, तिसरा स्वतःच्या उजव्या कानात. चौथा बोळा मला दिसेल असा चिमटीत धरत आणि पुन्हा पुडीत ठेवून देत. "ह्यो कान उघडाच बरा," टेम्पोवर उभ्या असलेल्या माझ्याकडं बघत ते म्हणत, "तू कवा चुकशील त्याचा नेम न्हाई."

यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नव्हतं. आमची ओळखच माझ्या चुकीतून झालेली.

मी नागापूरच्या एमआयडीसीत लेथवर कामाला. सुट्टीच्या दिवशी डीजे. म्हणजे माझा मित्र संतोषचा साउंडचा टेम्पो होता, आणि मैत्रीखातर तो मला त्यावर उभं राहू देई. एक गाणं चालू असताना पुढच्याचा ठेका त्याच्याशी जुळवायचा आणि कुणाला सांधा न कळू देता त्यात शिरायचं, याला बीटमॅचिंग म्हणतात. ते मला येत नव्हतं, माझ्या लॅपटॉपला येत होतं. मी सिंकचं बटण दाबायचो आणि दोन्ही हात वर करून त्याचं कौतुक स्वतःकडं घ्यायचो.

काष्टीच्या एका लग्नात नवरदेव चाचांच्या चांदणीवर बसला होता. चांदणी नाचणारी घोडी, ठेक्यावर पाऊल टाकणारी. मी एक हलगीचं गाणं लावलं. हलगी वाजवणारी माणसं रंगात आली की वेग वाढवतात. लॅपटॉपला त्या रंगाचं काय! मी बटण दाबलं आणि दोन ठेके एकमेकांच्या पायांत पाय घालून पडले. जिन्यावरून पितळी भांड्यांचं पोतं गडगडावं तसा आवाज. चांदणीनं उचललेला पाय कोणत्या ठेक्यावर टेकवावा तिला कळेना. ती मागच्या दोन पायांवर उभीच राहिली. नवरदेव तिच्या मानेला लोंबकळला, फेटा गटारात. चाचांनी लगामाला स्वतःचं सगळं वजन टांगून तिला खाली आणलं.

मी टेम्पोच्या मागच्या बाजूनं पसार व्हायच्या बेतात होतो, तोवर चाचा समोर आले. शिव्या खायची तयारी ठेवली. त्यांनी शांतपणे विचारलं, "दोन गानी एकदम कशापायी लावली?"

जुळवत होतो, म्हणालो.

"कोन? तू का ती पेटी?"

मी लॅपटॉपकडं बोट दाखवलं. मग त्यांनी सांगितलं, नवरदेव एकदा खाली पडला की घोडी बाद. पुन्हा कोणी बोलवत नाही. मग तिला इथल्याच जनावरांच्या बाजारात विकायला उभं करावं लागेल. "ऐतवारी घरी ये," म्हणाले. "पेटी आन."

पुढचे कितीतरी रविवार त्यांच्या अंगणात गेले. बाजेवर लॅपटॉप आणि त्याला जोडलेला चकत्या-पट्ट्यांचा कंट्रोलर, खाली छोटा स्पीकर, समोर चांदणी. पहिल्याच दिवशी चाचांनी खांद्यावरचा टॉवेल काढून लॅपटॉपच्या पडद्यावर टाकला. "आता दाव." दावायला माझ्याकडं काही उरलंच नव्हतं. एका कानाला हेडफोनमधलं पुढचं गाणं, दुसऱ्या कानानं बाहेर वाजणारं. पट्टी सरकवून वेग जुळवायचा, चकतीला बोट लावून मागंपुढं करायचं. मी घाबरून चकती हिसकायचो. चांदणी कान पाडायची.

"नवी घोडी जुनीच्या बरुबर आनायची तर तिला वढत न्हाईत," चाचा म्हणत. "नुसता हात लावायचा. कळतं तिला." कान फसले तर चांदणीचा पाय बघायचा, हे दुसरं सूत्र. आणि तिसरं लगामाचं : "ही तार हाय लेका. तिनं पाय उचलला का थांबवला, बघावं लागत न्हाई, हातात येतं." एकदा माझं गाणं खरंच जुळलं. मी आनंदानं खिदळलो आणि तेवढ्यात ते सुटलं. त्यावर ते एवढंच म्हणाले, "हसायचं घरी गेल्यावर."

मग शेवगावचं लग्न आलं. भर दुपार, बाजारपेठेतली अरुंद गल्ली, पुढं आमचा टेम्पो, मागं चांदणी. नवरदेवानं तीन वर्षांच्या भाचीला पुढ्यात बसवलेलं. चाचांनी पुडी काढली. दोन बोळे चांदणीला, एक स्वतःला. चौथा चिमटीत धरला, माझ्याकडं बघितलं आणि डाव्या कानात घातला.

मी हातानं नको नको केलं.

"आज माजी सुट्टी," ते म्हणाले आणि चालायला लागले.

आजवर मी घसरायच्या आत त्या कानाला कळायचं आणि घोडी बिथरायच्या आत लगाम आवळला जायचा. आता मध्ये कुणी नव्हतं. भाची दोन्ही मुठींत आयाळ धरून हसत होती.

गाणं संपत आलं. मी स्वतःच पडद्यावर टॉवेल टाकला. हेडफोनमधलं गाणं पुढं पळत होतं. पट्टी खाली घेतली, तरी पुढंच. बोट लावलं, आता मागं पडलं. शेवटचं कडवं सुरू झालं, घाम डोळ्यांत उतरला. चांदणीच्या पुढच्या उजव्या पायातल्या घुंगरांवर नजर रोवली. पट्टी केसभर. घुंगरू आणि ठेका एकत्र पडले. मी नवं गाणं वर घेतलं.

आणि हसलो.

दोन ठेक्यांत बोटभर फट पडली. चांदणीचा उचललेला पाय हवेत थांबला. भाचीचं हसू थांबलं, मुठी आवळल्या. मी चकतीला बोट लावलं. ओढलं नाही, नुसतं लावलं. चांदणीनं क्षणभर वाट बघितली आणि पाऊल टेकवलं, बरोबर माझ्या ठेक्यावर. घोडीपुढं नाचणाऱ्यांना काही कळलं नाही. शेजारी बसलेल्या संतोषलासुद्धा नाही.

त्यानंतरच्या थंडीत चाचा गेले. चांदणीला त्यांनी बाजारात कधीच उभं केलं नाही; ती अजून त्यांच्या अंगणात असते. शेवगावची ती फट मी त्यांना सांगितली नव्हती. दोन्ही कानांत बोळे होते, त्यांना ऐकू गेलं नसणार, असं धरून मी चालतो.

पण लगाम त्यांच्या हातात होता. तो सैलच राहिला, आणि त्यांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं नाही.